भिंतीतली वायर उपटू नका

गणपतीत साताऱ्याला मावशीकडे होतो. घर दुमजली, २०११ साली बांधलेलं. तेव्हा काकांनी हौसेने प्रत्येक खोलीत लॅनचं, म्हणजे वायरीने नेट जोडायचं, सॉकेट बसवून घेतलं आणि सगळ्या केबली जिन्याखालच्या पेटीत आणून सोडल्या. आज त्या सॉकेटांना कुणी हात लावत नाही. नव्या लॅपटॉपला लॅनचं भोकच नाही, फोनला तर कधी नव्हतंच.

आरतीला वरच्या मजल्यावरून अमेरिकेतल्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. दुसऱ्या आरतीला चित्र जे थिजलं ते थेट मंत्रपुष्पांजलीला हललं. फोनवर वायफायच्या रेघा मात्र पूर्ण, कारण रिपीटर, म्हणजे राउटरचं वायफाय पुढे पोचवणारं यंत्र, हाताच्या अंतरावर. "दादा, रेंज फुल्ल आहे, मग नेट का नाही?" मावसभावाचा प्रश्न, आणि लगेच त्याचा उपायही तयार: दिवाळीत रंगकाम आहेच, तेव्हा या जुन्या वायरी काढून टाकायच्या आणि आठ अँटेनांचा मोठा राउटर आणायचा. मी त्याला थांबवलं. घरात वायफाय चांगलं हवं असेल तर त्याच वायरी सोन्यासारख्या आहेत, हे त्याला समजावताना जे बोललो ते इथे नीट मांडतो.

वायरीत प्रत्येकाचा रस्ता वेगळा असतो. स्विचपासून, म्हणजे सगळ्या केबली जिथे जोडल्या जातात त्या यंत्रापासून, तुमच्या खोलीपर्यंत आलेली केबल फक्त तुमची. तिच्यात एकाच वेळी येणं आणि जाणं दोन्ही चालतं, आणि शेजारच्या खोलीत कुणी सिनेमा उतरवत असला तरी तुमच्या केबलीला त्याचा पत्ता नसतो. हवेचं तसं नाही. एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एका ठरावीक पट्टीवर, एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. घरातले सगळे फोन, टीव्ही, लॅपटॉप, आणि त्याच चॅनेलवरचे शेजाऱ्यांचे राउटरसुद्धा, एकाच रांगेत उभे असतात. रेघा सांगतात आवाज किती मोठा येतोय. रांग किती लांब आहे ते सांगत नाहीत.

गंमत म्हणजे ही रांगेची कल्पना हवेतूनच वायरीत आली. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्राम्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अलोहानेट' सुरू केलं. बेटांवरच्या टर्मिनलांनी होनोलुलूच्या संगणकाशी रेडिओवरून बोलायचं. नियम साधा: सांगायचं असेल तेव्हा सांगून टाका, पोच आली नाही तर दुसऱ्या कुणाच्या बोलण्याशी टक्कर झाली असं समजा, थोडं थांबा आणि पुन्हा सांगा. किती थांबायचं ते प्रत्येकाने मनाला येईल तसं ठरवायचं, म्हणजे तेच दोघे पुन्हा एकत्र तोंड उघडणार नाहीत. गणित केलं तर या पद्धतीत वाहिनीचा जेमतेम १८ टक्के वेळ कामी येतो, बाकीचा शांततेत आणि टकरींत जातो. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी हीच कल्पना केबलीत घातली (तेव्हा सगळ्यांची केबल एकच असायची) आणि एक सुधारणा केली: बोलण्याआधी ऐका, आणि बोलतानाही ऐकत राहा. टक्कर झाली की तिथेच गप्प व्हा. त्या जाळ्याला त्यांनी नाव दिलं इथरनेट, एकोणिसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रकाशासाठी कल्पिलेल्या 'ईथर'वरून. पुढे १९९७ मध्ये वायफायचं पहिलं मानक आलं आणि इथरनेटची शिस्त परत हवेत गेली. पण तिचा एक पाय तिथे लंगडा पडला, आणि मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट तिथेच सुरू होते.

हवेत बोलताना ऐकता येत नाही. का, ते आकड्यांत बघू. राउटर साधारण १०० मिलिवॅट ताकदीने बोलतो असं धरा. पलीकडच्या खोलीतल्या फोनचा आवाज राउटरच्या अँटेनापर्यंत पोचतो तेव्हा तो एका नॅनोवॅटच्या तिसऱ्या हिश्श्याइतका उरलेला असू शकतो. म्हणजे स्वतःचा आवाज दुसऱ्याच्या आवाजापेक्षा सुमारे तीस कोटी पट मोठा. ढोल पथकात मध्यभागी ढोल बडवणाऱ्याला रस्त्यापलीकडची कुजबुज ऐकू येईल का? त्यामुळे वायफायला टक्कर झाल्याचं कळतच नाही. मग ती आधीच टाळायची. कशी? घड्याळ न मिळवता, मुकादम न नेमता, फक्त शांतता मोजून.

५ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे वायफायच्या एका लहरपट्ट्यातला मूळ नियम असा. हवा शांत झाली की प्रत्येकाने आधी ३४ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दशलक्षांश) गप्प राहायचं. मग ० ते १५ मधला कुठलाही एक आकडा मनात धरायचा आणि ९ मायक्रोसेकंदांच्या एकेका ठोक्याला तो एकने कमी करत जायचं. समजा फोनने ३ धरला, लॅपटॉपने ७, टीव्हीने ११. तीन ठोक्यांनंतर फोन शून्यावर आला आणि बोलू लागला. हवा गजबजली हे ऐकून लॅपटॉप आणि टीव्हीने मोजणी तिथेच थांबवली: लॅपटॉपचे ४ उरले, टीव्हीचे ८. फोनचं बोलणं संपलं की ते पुन्हा एकपासून सुरू करत नाहीत, उरलेल्यापासून पुढे मोजतात. फोनला मात्र पुन्हा बोलायचं तर नवा आकडा धरावा लागतो. जो जास्त थांबला त्याची पाळी आपोआप जवळ येते. कुणीही वाटप करत नाही आणि तरी न्याय होतो.

यात पोचपावतीची सोय तर फारच देखणी आहे. निरोप पोचला की घेणारा फक्त १६ मायक्रोसेकंद थांबून 'मिळालं' असं सांगतो. बाकीच्यांना किमान ३४ थांबायचं आहे, त्यामुळे मध्ये कुणी घुसूच शकत नाही. अग्रक्रम द्यायला एकही जादा शब्द खर्च झाला नाही; ज्याचं काम तातडीचं त्याची शांतता आखूड, एवढंच. आणि पोच आली नाही तर? आकडा ० ते ३१ मधून धरायचा, मग ० ते ६३, असं दुप्पट करत १०२३ पर्यंत. गर्दी वाढेल तशी यंत्रं आपणहून लांब थांबतात. अलीकडच्या वायफाय ६ मध्ये राउटर स्वतःही पाळ्या वाटू शकतो, पण तळाशी ही मोजणी आहेच.

आता मावशीच्या रिपीटरकडे या. तो खालच्या राउटरचं ऐकतो आणि तेच पुन्हा हवेत सांगतो. म्हणजे एकाच चॅनेलवर प्रत्येक निरोप दोनदा बोलला जातो आणि वेग अर्ध्यावर येतो. वर आणि खाली यांच्यात सळ्यांनी भरलेला स्लॅब. त्यातून क्षीण झालेला आवाज नीट समजावा म्हणून दोघे सावकाश बोलतात, आणि सावकाश बोलणारा सगळ्यांचाच वेळ खातो. १५०० बाइटचं एक पाकीट ३०० मेगाबिटच्या वेगाने ४० मायक्रोसेकंदांत जातं, ६ मेगाबिटच्या वेगाने त्यालाच २००० लागतात. एका रडतखडत फोनमागे पन्नास पाकिटं खोळंबतात. त्यात गणपतीचे वीस पाहुणे, प्रत्येकाच्या खिशात एक फोन.

त्यावर उपाय त्या भिंतीतल्या वायरी. लांबचा प्रवास वायरीने करायचा आणि हवेला शेवटचे पंधरा फूट तेवढे द्यायचे. वरच्या खोलीतल्या सॉकेटला एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीतलं नेट वायफायने हवेत सोडणारं यंत्र, लावला की काम झालं. नवा घ्यायला हवा असंही नाही. माळ्यावर पडलेला जुना राउटर चालतो. मात्र त्याचं घरातल्या यंत्रांना नेटवर्कवरचे पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करायचं. एका घरात पत्ते वाटणारे दोघे झाले की काही यंत्रं एकाकडून पत्ता घेतात, काही दुसऱ्याकडून, आणि मग नेट कधी असतं कधी नसतं. त्याचा स्वतःचा पत्ताही बदलायचा: मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, आणि तो मुख्य राउटरच्या वाटपाच्या यादीबाहेर ठेवा. केबल 'वॅन'च्या (बाहेरून येणाऱ्या नेटच्या) भोकात न लावता 'लॅन'च्या भोकात लावायची. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तोच, सुरक्षा (पासवर्डची कुलूपपद्धत) किमान डब्ल्यूपीए२, चॅनेल मात्र वेगळं.

२.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल १, ६ आणि ११ यांतलंच एक घ्या. "शेजारी १ वर आणि ६ वर, मग मी मधलं ३ घेतो" हे शहाणपण वाटतं, पण अंगाशी येतं. त्याच चॅनेलवरच्या शेजाऱ्याची भाषा तुमच्या राउटरला कळते, म्हणून त्याचा आवाज अगदी बारीक असला तरी दोघे रांग पाळतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवर शब्द कळत नाहीत, नुसता गोंगाट येतो. तो शंभर पट मोठा होईपर्यंत यंत्र त्याला जुमानत नाही आणि त्यावरच बोलत सुटतं.

मोठ्या राउटरच्या खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. 'एएक्स ३०००' म्हणजे दोन पट्ट्यांच्या कमाल वेगांची, ५७४ आणि २४०२ यांची, बेरीज. तुमचा फोन एका वेळी त्यातला एकच पट्टा वापरतो, आणि स्लॅब त्यातलंही बरंच खातो. त्याहून राग येतो तो राउटरला चिकटवायच्या 'रेडिएशनरोधक' स्टिकरांचा. मावशीच्या राउटरवरही असं एक सोनेरी स्टिकर होतं. वायफायच्या एका फोटॉनची, म्हणजे लहरीच्या सर्वांत लहान पुडक्याची, ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या एक लाखांशाइतकी. रेणूंमधला बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. आणि ते स्टिकर खरोखर लहरी अडवत असतं तर वायफाय चाललंच नसतं. भीती दाखवून पैसे काढायचा हा धंदा आहे, त्याला घरात जागा देऊ नका.

पुढच्या रविवारी जुना राउटर वर लावला. कनेक्शन २०० मेगाबिटचं, वेग मात्र ९४ वर अडलेला, कितीदाही मोजा. ९४ दिसलं की ओळखायचं, केबल १०० च्या जुन्या वेगावर जोडली गेली आहे. सॉकेट उघडलं. आत आठ तारांपैकी चारच दाबलेल्या होत्या, नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी तशाच गुंडाळून मागे सारलेल्या. १०० ला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. दोन्ही टोकांना उरलेल्या चार तारा रंग बघून दाबल्या. मावसभावाने वरच्या खोलीतून मोजलं: १९१. मग तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन शेजारच्या खोलीतलं सॉकेट उघडायला गेला.