‘एआय सगळ्या नोकऱ्या खाणार’ हे कितपत खरं?

वर्षानुवर्षं फिरणारा दावा असा: जगात काम ठरावीकच आहे, त्यामुळे यंत्र जेवढं करील तेवढं माणसाच्या हातून जाईल.

भीती समजण्यासारखी आहे, गृहीतक मात्र चुकीचं. अमेरिकेत १९७० नंतर एटीएम पसरले, तरी बँकांतल्या कॅशियरांची संख्या कित्येक वर्षं वाढतच राहिली. एक शाखा चालवायला कमी माणसं लागू लागली, खर्च उतरला, म्हणून शाखाच वाढल्या. पुढे मोबाइल बँकिंग आल्यावर मात्र तीच संख्या घटू लागली. टेलिफोन ऑपरेटरांचं काम तर स्वयंचलित एक्स्चेंजने जवळपास संपवलंच. म्हणजे ‘तंत्रज्ञान नेहमी नव्या नोकऱ्या देतंच’ हा उलटा फॉरवर्डही तितकाच अर्धवट (आणि तोही तितक्याच ठामपणे येतो).

आपल्या नोकरीबाबत हे पडताळायचं असेल तर पदनाम बाजूला ठेवा, आठवडाभरात प्रत्यक्ष केलेली कामं लिहून काढा. यातलं यंत्राला काय जमेल? चुकलं तर जबाबदारी कोणाची? आणि काम स्वस्त झालं तर त्याची मागणी वाढेल की तेवढीच राहील? हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही; एटीएमच्या बाबतीत बरंचसं त्याच्यावरच ठरलं होतं.