व्हेरिएबल आणि बोनस: दिसायला एक, मिळवायच्या तऱ्हा दोन

नोकरीच्या पत्रात पगाराखाली साधारण दोनपैकी एक वाक्य असतं. एक असं: ‘वार्षिक मूळ वेतनाच्या 15 टक्के इतका व्हेरिएबल पे, कंपनीच्या व वैयक्तिक उद्दिष्टांच्या पूर्ततेनुसार देय राहील.’ दुसरं असं: ‘कामगिरी व कंपनीची आर्थिक स्थिती पाहून व्यवस्थापन स्वेच्छेने वार्षिक बोनस देऊ शकेल.’ ऑफिसात दोन्हीला बोनसच म्हणतात. पैसेही बहुधा वर्षातून एकदाच खात्यात पडतात. सगळा फरक आहे तो ‘देय राहील’ आणि ‘देऊ शकेल’ या दोन क्रियापदांत. पहिल्यात सूत्र आधीच ठरलेलं असतं, वर्षअखेरीला त्यात आकडे भरायचे. दुसऱ्यात सूत्रच नाही, वाटप आहे: एक गंगाजळी, तिच्यावर डोळा असलेली बरीच माणसं आणि वाटायला बसलेले चार-पाच जण.

हे ओळखलं नाही तर मेहनत भलतीकडे जाते. सूत्रवाला माणूस वर्षाच्या शेवटच्या महिन्यात साहेबांवर छाप पाडत बसतो. त्याच्या सूत्रात छापेला रकानाच नसतो. मर्जीच्या बोनसवाला केआरएचा (म्हणजे ठरवून दिलेल्या उद्दिष्टांचा) एकेक टक्का मोजतो, आणि ज्या बैठकीत त्याचं नाव निघायचं तिथे बसलेल्या कोणाला त्याचं काम ठाऊक नसतं.

आपला प्रकार कोणता, हे नावावरून ठरवू नका. ‘परफॉर्मन्स बोनस’ हे नाव दोन्हींना लावलेलं सापडतं. अमेरिकेच्या 1938 च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टखालचे नियम याबाबत मुद्द्याचं बोलतात: कंपनीने कागदावर बोनसला ‘ऐच्छिक’ म्हटलं तरी, अमुक केलंत तर इतकं देऊ असं आधी कबूल केलेलं असेल तर तो ऐच्छिक उरत नाही आणि ओव्हरटाइमचा दर काढताना धरावा लागतो. हीच कसोटी आपल्या पत्राला लावून पाहावी. टक्केवारी किंवा रक्कम लिहिलीय का? ती कशावर अवलंबून, हे मोजता येईल असं लिहिलंय का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर व्हेरिएबल. कायद्याने ठरावीक कामगारांना द्यावाच लागणारा बोनस हे तिसरंच प्रकरण. तो इथे धरलेला नाही. बऱ्याच कंपन्यांत खिचडी असते, म्हणजे सूत्र दिलेलं असतं आणि शेवटी ‘अंतिम निर्णय व्यवस्थापनाचा’ अशी ओळ. अशा वेळी ते आधी सूत्रच समजायचं आणि त्या ओळीची आठवण ठेवायची.

आता सूत्र उघडून पाहू. समजा टार्गेट व्हेरिएबल वार्षिक मूळ पगाराच्या 15 टक्के आहे. त्यात कंपनीच्या कामगिरीचं वजन 60 आणि तुमच्या कामगिरीचं 40. वर्ष कंपनीला जड गेलं आणि तिचा गुणांक (टार्गेट गाठलं तर 1) 0.8 आला, तुमचा मात्र 1.1. बेरजेची पद्धत असेल तर 15 × (0.6 × 0.8 + 0.4 × 1.1), म्हणजे पगाराच्या 13.8 टक्के. काही कंपन्या वजनं न लावता सरळ गुणाकार करतात: 15 × 0.8 × 1.1, म्हणजे 13.2. फरक किरकोळ वाटेल. पण कंपनीचा गुणांक शून्य झाला की बेरजेत 6.6 टक्के तरी उरतात. गुणाकारात हाताला काहीच लागत नाही, मग तुम्ही कितीही राबलेले असा. ‘रेटिंग उत्तम, पैसे शून्य’ या तक्रारीमागे पुष्कळदा हा गुणाकार असतो, साहेबांचा आकस नव्हे. म्हणून योजनेचा कागद एचआरकडून वर्षाच्या सुरुवातीलाच मागून घ्या आणि पहिल्यांदा हेच बघा: बेरीज की गुणाकार.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे टार्गेट आणि पैसे यांचा जिना. नेहमी दिसणारा एक नमुना असा: पूर्तता 80 टक्क्यांच्या खाली असेल तर काही नाही, 80 ला टार्गेट रकमेच्या निम्मे, 100 ला पूर्ण, 120 ला दीडपट आणि तिथे झाकण. म्हणजे 80 च्या पुढे पूर्ततेच्या प्रत्येक टक्क्याला अडीच टक्के पैसे. 94 टक्के काम झालं तर 85 टक्के रक्कम मिळते. 79 ला शून्य, 81 ला 52.5. हा जिना समोर ठेवला की शेवटच्या दोन महिन्यांत वेळ कुठे घालायचा ते आपोआप दिसतं. एक उद्दिष्ट 118 वर आणि दुसरं 77 वर अडकलं असेल, तर पहिल्यातून फार तर पाच टक्के निघतील. दुसरं 80 ला नेलंत की एकदम निम्मी रक्कम सुटते. 55 वर रेंगाळणारं उद्दिष्ट मात्र त्या वर्षापुरतं सोडून द्यावं. मनाला पटत नाही, पण गणित तेच सांगतं.

या जिन्यामुळेच नको ते प्रकारही होतात. 80 गाठायला पुढच्या वर्षाची विक्री या वर्षात ओढायची, किंवा 120 झाल्यावर ऑर्डर दाबून ठेवायची. पहिल्यात माल परत आला किंवा बिल रद्द झालं तर दिलेली रक्कम वसूल करण्याचं कलम अनेक योजनांत असतं. दुसऱ्यात पाठ सुटेल असं वाटतं, पण दाबलेली ऑर्डर ग्राहकाने दुसरीकडे दिली तर दोन्ही वर्षं गेली.

व्हेरिएबलची खरी लढाई वर्षाच्या पहिल्या महिन्यात होते, उद्दिष्टं लिहिताना. तेव्हा आपण सगळे ‘ठीक आहे सर’ म्हणून सही करतो आणि अकरा महिन्यांनी वाद घालतो. ‘ग्राहकांचं समाधान वाढवणे’ असं उद्दिष्ट लिहिलंत की ते पूर्ण झालं का, हे ठरवणं समोरच्याच्या हाती गेलं. म्हणजे सूत्रवाला बोनसही तुम्ही स्वतःच मर्जीचा करून घेतलात. त्याऐवजी असं लिहा: ‘तक्रार बंद व्हायला लागणारा सरासरी वेळ 48 तासांवरून 36 तासांवर आणणे, मोजमाप सपोर्ट सिस्टीमच्या शेवटच्या तिमाहीच्या अहवालावरून.’ आजचा आकडा, गाठायचा आकडा, कोणता अहवाल, कोणता काळ: चारही हवेत. यातला अहवाल हमखास राहून जातो आणि मग वर्षअखेरीला विक्रीचा आकडा वेगळा, फायनान्सचा वेगळा.

वजनांचाही हिशेब करा. वरच्या उदाहरणात वैयक्तिक भाग 15 च्या 40 टक्के, म्हणजे पगाराच्या 6 टक्के. त्यात एखाद्या उद्दिष्टाला 5 टक्के वजन असेल तर ते पूर्ण केल्याचे मिळतात पगाराच्या 0.3 टक्के. त्यासाठी सुट्टीचे दिवस घालवायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. चार-पाच उद्दिष्टं पुरे. बारा असतील तर काही एकत्र करायला सांगा.

मधेच प्रकल्प बंद झाला किंवा तुमची बदली झाली तर त्याच आठवड्यात उद्दिष्ट नव्याने लिहून घ्या आणि मॅनेजरची मेलवर संमती घ्या. न बदललेलं उद्दिष्ट सिस्टीममध्ये तसंच पडून राहतं आणि शून्य धरलं जातं. मॅनेजरच बदलणार असेल तर जाण्याआधी त्याच्याकडून तोवरच्या कामाचं मूल्यमापन लिहून मागा. नव्या माणसाला तुमचे आधीचे सात महिने दिसलेलेच नसतात.

मर्जीच्या बोनसचं कॅलेंडर निराळं आणि बरंच आतलं. साधारण क्रम असा: वर्षाच्या नफ्याचा अंदाज आला की फायनान्स एकूण पूल, म्हणजे वाटायची गंगाजळी, ठरवतं, तो विभागांत वाटला जातो, मॅनेजर आपापल्या शिफारशी देतात, मग सगळे मॅनेजर एकत्र बसून त्या ताडून पाहतात (याला कॅलिब्रेशन म्हणतात), वरून मंजुरी येते आणि सगळ्यात शेवटी तुमच्याशी ते अप्रेझलचं बोलणं होतं. म्हणजे तुम्ही मुद्दे मांडायला बसता तेव्हा रक्कम जवळपास पक्की झालेली असते. तिथे कितीही तळमळीने बोललात तरी ते पुढच्या वर्षाच्या खात्यात. मॅनेजरला एवढंच विचारून ठेवा की शिफारशी कधी जातात. आणि त्याच्या महिना-दीड महिना आधी आपलं म्हणणं पोचवा.

पूल ठरलेला म्हणजे एकाला जास्त तर दुसऱ्याला कमी. वेल्डिंगची यंत्रं बनवणारी अमेरिकेतली लिंकन इलेक्ट्रिक ही कंपनी 1934 पासूनच्या वार्षिक बोनससाठी प्रसिद्ध आहे. तिथे विभागातल्या गुणांची सरासरी माणशी 100 धरत, तेव्हा एकाला 110 द्यायचे तर ते दहा गुण इतरांच्याच वाट्यातून यायचे. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये कर्मचाऱ्यांची सक्तीची क्रमवारी बंद केली. पण कुठेही क्रमवारी गेली म्हणून तुलना जात नाही. पूल आहे तोवर ती होणारच. त्या तुलनेत तुमची बाजू तुम्ही मांडत नसता, मॅनेजर मांडतो, तीही घाईत. त्याला एका श्वासात म्हणता येईल असं वाक्य हाताशी देणं हे तुमचं काम.

‘वर्षभर टीमला सर्वतोपरी सहकार्य केले व अनेक प्रकल्प वेळेत पूर्ण केले’ हे वाक्य त्या खोलीत कोणी उच्चारणार नाही. ‘महिनाअखेरीचा हिशेब बंद व्हायला नऊ दिवस लागायचे, आता पाच लागतात, दोनदा होणारी तपासणी एकदाच केली, फायनान्सच्या लोकांनी बघितलंय’ हे मात्र उच्चारलं जाईल, कारण यात आधी काय होतं, आता काय आहे आणि साक्षीदार कोण हे तिन्ही आहे. एका पानावर अशा तीनच गोष्टी लिहा. दहा लिहिल्यात तर मॅनेजर त्यातली सातवी उचलेल. शिवाय शेवटच्या दोन महिन्यांतलं तेवढं लक्षात राहण्याची खोड सगळ्या मॅनेजरांना असते. म्हणून वर्षाच्या पहिल्या तिमाहीतलं एक काम त्या पानावर मुद्दाम घाला. महिन्याला दोन ओळी टिपल्या नसतील तर तेव्हाचं काही आठवतही नाही.

साक्षीदाराचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. कॅलिब्रेशनला बसणाऱ्यांपैकी तुमच्या मॅनेजरव्यतिरिक्त आणखी दोघांना तुमचं काम माहीत असावं, आणि ते कामातूनच: त्यांच्या विभागाची अडचण सोडवून, आढावा बैठकीत आपला भाग स्वतः मांडून. त्यांच्या पुढे-पुढे करायची गरज नाही. तो प्रकार लांबूनही कळतो.

मॅनेजरशी बोलताना ‘यंदा किती मिळेल?’ हा प्रश्न वाया जातो, त्याचं उत्तर त्यालाही देता येत नसतं. ‘माझं नाव सरासरीच्या वर न्यायचं तर त्या बैठकीत तुमच्या हातात काय असायला हवं?’ असं विचारा. उत्तर बऱ्याचदा अनपेक्षित असतं. दुसऱ्या कंपनीची ऑफर दाखवून पगार वाढवून घेणारे असतात, बोनसच्या बाबतीत मात्र हा डाव सहसा उलटतो. हा बोनस थोडासा पुढेही टिकावं म्हणून दिलेला असतो. निघायच्या बेतात असलेल्याचा वाटा राहणाऱ्याकडे वळवणं मॅनेजरला सोयीचं पडतं.

कमी मिळालं तर दाद मागायची पद्धतही वेगळी. व्हेरिएबलमध्ये भावना बाजूला ठेवून हिशेब मागा: माझ्या पूर्ततेचे आकडे, वजनं, दोन्ही गुणांक आणि किती महिने धरले. चूक बहुतेक वेळा महिन्यांत किंवा न बदललेल्या उद्दिष्टात सापडते, आणि सापडली तर दुरुस्त होते. मर्जीच्या बोनसमध्ये असा हिशेबच नसतो, तिथे निकष विचारायचे. अर्थात मर्जी म्हणजे लहर नव्हे. इंग्लंडमध्ये 2000 साली नोमुरा या बँकेविरुद्धच्या खटल्यात एका ट्रेडरने कंपनीला 2 कोटी 20 लाख पौंडांहून जास्त मिळवून दिले असताना त्याला शून्य बोनस दिला होता; न्यायालयाने ते अतार्किक ठरवून 13.5 लाख पौंड भरपाई दिली. करारात वैयक्तिक कामगिरी हा निकष लिहिलेला होता, यावर ते प्रकरण फिरलं. तुमच्या पत्रात तेवढे दोन शब्द आहेत का, हे पाहून ठेवा.

नोकरी धरताना दोन्हींतून निवड करता आली तर व्हेरिएबलचा आकडा मोठा दिसतो म्हणून भुलू नका. मागच्या तीन वर्षांत कंपनीचा गुणांक किती आला, हे विचारा. 20 टक्के टार्गेट आणि सरासरी गुणांक 0.5 असेल तर ते 10 टक्केच. मर्जीचा बोनस असेल तर पहिल्या वर्षापुरती किमान रक्कम लिहून मागता येते. पहिल्या वर्षी तुम्हाला तिथे कोणी ओळखत नसतं, म्हणून ही मागणी रास्तच.

राहता राहिल्या तारखा, आणि दोन्ही प्रकारांत सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते इथेच. ‘देय दिनांकास नोकरीत असणे आवश्यक’ अशी ओळ असेल तर वर्ष पूर्ण भरून, रक्कम जमा व्हायच्या आठवडाभर आधी नोकरी सोडलेल्याला काही मिळत नाही. काही ठिकाणी अट त्याहून कडक असते: त्या दिवशी नोटीस पिरियडमध्येही असता कामा नये. वर्षाच्या मध्यात रुजू झालेल्याला महिन्यांच्या प्रमाणात मिळतं, पण शेवटच्या तिमाहीत आलेल्याला अनेक योजना त्या वर्षासाठी पात्रच धरत नाहीत. रुजू व्हायची तारीख चार दिवस अलीकडे घेता येत असेल तर घ्यावी. आणि राजीनाम्याचा मेल पाठवायचा तो रक्कम खात्यात दिसल्यावर, पगारपत्रकात नुसता आकडा आला म्हणून नाही.