डावा हात वर केला होता

दाताच्या खुर्चीत आडव्या झालेल्या माणसाला बोलता येत नाही. तोंडात कापूस, आरसा, लाळ ओढणारी नळी. म्हणून दाढेला हात घालण्याआधी सांगतात, "दुखलं तर डावा हात वर करा." पण हात वर जाण्याच्या कितीतरी आधी घट्ट आवळलेली बोटं, ताठलेले पाय, रोखलेला श्वास हे सगळं बोलत असतं. डॉक्टरला ते वाचता येणं आणि त्याच वेळी स्वतःची घाबरगुंडी आवरता येणं, याला भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली या कल्पनेला शास्त्रीय रूप दिलं.

ती मोजायची कशी? एक रीत प्रश्नावलीची. 'समोरच्याच्या आवाजावरून त्याला काय वाटतंय ते मला कळतं' अशा विधानांना स्वतःच गुण द्यायचे. दुसरी रीत परीक्षेची: चेहऱ्याचा फोटो पाहून त्यावरची भावना ओळखायची, आणि उत्तर बरोबर की चूक हे दुसरं कुणी ठरवणार. या दोन रीतींनी मिळालेले गुण एकमेकांशी फारच कमी जुळतात. मेडिकल आणि डेंटलच्या विद्यार्थ्यांवरचे पुष्कळ अभ्यास पहिल्या रीतीने होतात, कारण ती सोपी आहे. तिथे मोजली जाते ती विद्यार्थ्याची स्वतःविषयीची समजूत.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड डनिंग आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं, की भावनिक बुद्धिमत्तेच्या परीक्षेत सर्वांत मागे असलेलेच स्वतःला सर्वांत जास्त वाढवून मोजतात, आणि सुधारणेची तयारीही त्यांचीच कमी असते. ज्या कानाने सूर पारखायचा तोच कच्चा असेल, तर आपण बेसूर गातोय हे कळणार कशाने? डॉक्टर झाल्यावरही हे आपोआप सुटत नाही. डॉक्टरांचं स्वतःबद्दलचं मत आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांच्या २० तुलना २००६ साली एकत्र तपासल्या गेल्या; त्यांपैकी १३ मध्ये दोन्हींचा मेळ नगण्य होता किंवा उलटाच होता.

फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजातला २००९ चा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथल्या विद्यार्थ्यांची सहानुभूती तिसऱ्या वर्षी घसरली, म्हणजे नेमकी ते वॉर्डात उतरले तेव्हा. जागरणं, राउंडची धास्ती, 'सात नंबर बेडची केस' म्हणायची सवय, ही कारणं पटण्यासारखी आहेत. पण ती मोजपट्टीही विद्यार्थ्यांनीच भरलेली होती. म्हणून मला आणखी एक शक्यता दिसते: खरा रुग्ण समोर आल्यावर काहींचा स्वतःबद्दलचा अंदाजच जमिनीवर आला असेल. तसं असेल, तर त्या घसरणीतला थोडा भाग चांगली बातमी आहे.

स्वतः भरलेली मोजपट्टी अगदीच फोल असते असंही नाही. त्याच संस्थेने २०११ मध्ये ८९१ मधुमेही रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. सहानुभूतीत जास्त गुण असलेल्या डॉक्टरांच्या ५६ टक्के रुग्णांची साखर नीट आटोक्यात होती. कमी गुण असलेल्यांच्या ४० टक्के.

आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसला वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा भाग अभ्यासक्रमातच आहे. त्यात, आणि डेंटललाही, रुग्णाचा शब्द गुणांमध्ये धरला जावा, असं मला मनापासून वाटतं. विद्यार्थ्याने दाढ काढली, कापूस चावून माणूस बाहेर बाकावर बसला, की शिक्षकाने जाऊन एवढंच विचारावं: "तुम्ही हात वर केला तेव्हा तो थांबला का?" मान होकारार्थी हलते की नाही, ते विद्यार्थ्याच्या वहीत लिहावं.