भुंगा या शब्दाचा घोळ आणि आपलं भरिताचं वांगं

खान्देशात रानमाश्या, म्हणजे पेटीत न राहणाऱ्या रानटी मधमाश्या आणि त्यांच्या नात्यातल्या माश्या, वाचवायचा विषय निघाला की गाडी थेट मधाच्या पेट्यांवर येऊन थांबते आणि मला ते पटत नाही.

जुनं थोडक्यात सांगतो. इंग्रजांच्या काळात १८९७ ला मधमाश्या-गांधीलमाश्यांचा आणि १९०३ ला मुंग्यांचा असे दोन जाडजूड खंड निघाले, ते काम जाती ओळखून नावं लावायचं. पुढे १९६० च्या दशकात मेलिफेरा ही परदेशी मधमाशी उत्तर भारतात पेट्यांमध्ये रुळली, तिथून सगळीकडे गेली, २०२० ला केंद्राने मधमाशीपालनाला ५०० कोटी जाहीर केले, आणि आता 'माशी वाचवा' म्हणजे पेटी द्या असंच झालंय. कांद्याच्या डेंगळ्यांना (बियाण्यासाठी ठेवलेल्या फुलांच्या दांड्यांना), सूर्यफुलाला पेटीचा फायदा होतो, त्यात वाद नाही. केळीचं फळ धरायला माशी लागतच नाही, म्हणून रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात माशीकडे कोणी फारसं बघितलंच नाही.

खरा घोळ आहे तो भुंगा या शब्दात. हुमणी या मुळं खाणाऱ्या अळीच्या पाखराला आपण भुंगा म्हणतो, कडधान्य पोखरणाऱ्यालाही भुंगा, आणि तो काळाभोर, निळसर चमकत्या पंखांचा, घूं घूं करत येणारा, तोही भुंगाच. पहिले दोन कीड आहेत, तिसरी चक्क माशी आहे, मधमाशीच्या नात्यातली. शेतीच्या सल्ल्यात 'भुंग्यांचा बंदोबस्त करा' एवढंच छापलं आणि शेतकऱ्याने सगळे एकाच माळेत धरले तर चूक त्याची नाही.

आणि नेमका हाच तिसरा, काळा भुंगा वांग्याला फळ धरायला लागतो. वांग्याच्या फुलाचे पिवळे परागकोश टोकाला बारीक भोक असलेल्या नळीसारखे असतात, नुसतं बसून पराग निघत नाहीत. भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख न हलवता अंग थरथरवतो, आवाज एकदम बारीक होतो आणि पिवळी धूळ त्याच्या पोटावर झडते. निळ्या पट्ट्यांची छोटी रानमाशीसुद्धा हे करते, पेटीतल्या मधमाशीला जमतच नाही. वाऱ्याने हलूनही थोडी फळं धरतात, पण भुंगा फिरला की फळधारणा सुधारते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ ला जीआय, म्हणजे त्या भागाची खासियत असल्याचं सरकारी मानांकन, मिळाला, त्या सगळ्या कौतुकात या माशीचं नाव कुठे ऐकू आलं नाही.

२००२ नंतर बीटी कपाशी आली, बोंडअळीच्या फवारण्या सुरुवातीला कमी झाल्या पण बियाणं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक चोळूनच येऊ लागलं, वर मावा-तुडतुड्यांसाठी फवारे वेगळे. युरोपने हे औषध २०१८ ला उघड्या शेतात बंद केलं. त्यात धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं गेली तशी त्यांची लाकडी सरं (तुळया) गेली, जेसीबीने बांध कोरले, रुईची झुडपं उपटली. भुंग्याची मादी वाळक्या लाकडात नाहीतर बांबूत बोट जाईल एवढं गोल भोक पाडून अंडी घालते, निळ्या पट्ट्यांची जमिनीत, न नांगरलेल्या बांधात. आमच्या बांधावर मांडवाचा एक जुना बांबू आहे, त्याच्याखाली दर उन्हाळ्यात लाकडाचा ताजा भुसा पडलेला दिसतो, म्हणून तो मी अजून कोणाला काढू दिलेला नाही.