ग्रँट वेगळी आणि भरपाई वेगळी: अमेरिकेतल्या रेपरेशन्सच्या पैशाबद्दल होणारा घोळ

जून २०२३ मध्ये अमेरिकेतून बातमी आली होती, की डीकॉलोनायझिंग वेल्थ प्रोजेक्ट नावाची संस्था ब्लॅक समाजाच्या रेपरेशन्सच्या, म्हणजे गुलामी आणि भेदभावाच्या भरपाईच्या, मोहिमांना ५ वर्षांत २ कोटी डॉलर देणार. आमच्या ग्रुपवर ती फिरली तेव्हा एकाने लगेच लिहिलं, "चला, मिळाली एकदाची भरपाई." मला ते वाचून राहवेना, कारण भरपाई मिळालीच नव्हती, भरपाई मागायला जे लोक रस्त्यावर उतरलेत त्यांच्या ऑफिसचं भाडं नि पगार भागायची सोय झाली होती, आणि या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. संस्थांच्या ग्रँटचे, म्हणजे कामासाठी मिळणाऱ्या निधीचे, कागद बघणं हेच माझं रोजचं काम, म्हणून म्हटलं जरा नीट लिहावं.

रेपरेशन्स म्हणजे ज्याने नुकसान केलं त्यानेच ते कबूल करून भरून द्यायचं. आपल्याकडे देणं म्हणतात ना, तसं देणं, देणगी नाही. अमेरिकेत हे देणं कागदावर तरी एकदा मान्य झालं होतं: जानेवारी १८६५ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, सरकारी सैन्याच्या जनरल शर्मनने हुकूम काढला की दक्षिणेच्या किनारपट्टीची जमीन गुलामीतून सुटलेल्या कुटुंबांना वाटायची, प्रत्येकी जास्तीत जास्त ४० एकर, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने तो फिरवून जमिनी जुन्या मालकांच्या हवाली केल्या. याहून जिव्हारी लागणारी गोष्ट अशी की भरपाई दिली गेली होती, फक्त उलट्या बाजूला. १८६२ मध्ये वॉशिंग्टन शहरात गुलामी संपवताना सरकारने मालकांना एका माणसामागे ३०० डॉलरपर्यंत मोजले. त्याआधी १८३३ च्या कायद्याने ब्रिटनने मालकांसाठी २ कोटी पौंड मंजूर केले आणि त्यापायी काढलेलं कर्ज शेवटचं फिटलं ते थेट २०१५ मध्ये. म्हणजे हिशोब करता येत नव्हता असं नाही, हिशोब झाला, पैसे निघाले, ज्यांनी आयुष्यभर राबून काढलं त्यांच्या हातात मात्र काही पडलं नाही.

आता ग्रँट. एखाद्या फाउंडेशनकडे कुणा श्रीमंताचा पैसा असतो, तो पैसा तिथे ठेवताना त्याला करात सवलत मिळालेली असते, आणि खासगी फाउंडेशनला दरवर्षी मालमत्तेच्या साधारण ५ टक्के रक्कम धर्मादाय कामावर खर्च करावीच लागते. त्यातला काही भाग लिबरेशन व्हेंचर्ससारख्या मध्यस्थ फंडांकडे जातो आणि ते पुढे मोहिमा चालवणाऱ्या संस्थांना वाटतात. या पैशातून काय होतं तर कार्यकर्त्याला पगार मिळतो, सभेला हॉल मिळतो, जुने दस्तऐवज शोधणाऱ्याला मानधन मिळतं. हे काम बारीक वाटतं पण खूप जिकिरीचं असतं हो. एखाद्या आजीला भरपाईला पात्र ठरायला सिद्ध करायचं असतं की १९५० च्या सुमारास आपले आईवडील याच गावात राहत होते, मग शाळेचा दाखला, जनगणनेची नोंद, चर्चच्या वहीतलं नाव असं एकेक शोधत बसायचं, आणि ते फुकटात रोज कोण करणार.

पण ग्रँट घेतली की तिच्या अटीही आल्या. अर्ज करा, बजेट द्या, हप्ता येईल, मग खर्चाचा तपशील आणि रिपोर्ट, आणि ३ वर्षांनी फाउंडेशनचं धोरण बदललं की पुन्हा शून्यापासून. शिवाय अमेरिकेच्या कायद्यात खासगी फाउंडेशनला एखादं विधेयक पास करून घेण्यासाठी म्हणून पैसा राखून देता येत नाही. म्हणजे बघा, रेपरेशन्सचा अभ्यास करायला आयोग नेमा असं सांगणारं एचआर ४० हे विधेयक खासदार जॉन कॉनियर्स यांनी १९८९ मध्ये पहिल्यांदा मांडलं, तेव्हापासून ते पुन्हापुन्हा मांडलं गेलं, २०२१ मध्ये एकदा समितीतून पुढे सरकलं पण पास काही झालं नाही, आणि मोहिमेचं खरं घोडं जिथे अडलंय नेमकं तिथे या पैशाचे हात बांधलेले आहेत. लोकांना जागं करायला, माहिती गोळा करायला तो चालतो, शेवटचा धक्का मात्र लोकांनी स्वतःच द्यायचा.

दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी बघायच्या तर शिकागोजवळचं इव्हॅन्स्टन बघा. तिथल्या नगरसेविका रॉबिन रू सिमन्स यांनी २०१९ मध्ये ठराव करून घेतला की शहरात गांजाच्या कायदेशीर विक्रीवर जो ३ टक्के कर मिळेल त्यातले पहिले १ कोटी डॉलर रेपरेशन्ससाठी ठेवायचे. पैसा पालिकेचा, कारण ब्लॅक कुटुंबांना एका वस्तीत कोंडून घरांपासून लांब ठेवण्यात पालिकेचाही हात होता आणि तसं तिने मान्य केलं. १९१९ ते १९६९ या काळात तिथे राहिलेले ब्लॅक रहिवासी किंवा त्यांचे वंशज पात्र, प्रत्येकी २५,००० डॉलर, आणि जानेवारी २०२२ मध्ये सोडत काढून पहिली १६ नावं ठरली. ही भरपाई. पुढे त्याच सिमन्स यांनी फर्स्टरिपेअर नावाची संस्था काढली, दुसऱ्या शहरांना असे कार्यक्रम उभे करायला मदत करणारी, आणि ती देणग्यांवर चालते. ही ग्रँट. बाई एकच, ध्यास एकच, पण एका ठिकाणी शहर आपलं देणं फेडतंय आणि दुसऱ्या ठिकाणी तसं फेडायला लावायची तयारी चाललीये.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर इव्हॅन्स्टनची सुरुवातीची योजनासुद्धा ग्रँटसारखीच वागत होती. पैसे हातात मिळायचे नाहीत, घराचं डाउन पेमेंट, दुरुस्ती किंवा कर्ज यासाठीच, आणि ते परस्पर बँकेला किंवा कंत्राटदाराला. लोक चिडले आणि बरोबर चिडले, आमचंच देणं आम्हाला देताना ते कुठे खर्च करायचं हे तुम्ही कोण ठरवणार? २०२३ मध्ये रोख घेण्याचा पर्याय आला. देणं फेडणारा माणूस रिपोर्ट मागत नाही, मला तरी ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच वाटते.

जास्त गुंता आहे टल्साचा. १९२१ मध्ये ओक्लाहोमातल्या या शहरात गोऱ्या जमावाने ग्रीनवूड ही ब्लॅक लोकांची भरभराटीची वस्ती जाळून टाकली. त्यातून वाचलेले तिघे शंभरी ओलांडल्यावरही कोर्टात लढत होते. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका उद्योजक दांपत्याच्या संस्थेने त्या तिघांना मिळून १० लाख डॉलर दिले. मनापासून दिले आणि त्या वयात ते उपयोगीही पडले असणार, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण त्या दांपत्याने ग्रीनवूड जाळलं नव्हतं. शहराकडचं, राज्याकडचं देणं त्याने एका पैशानेही कमी झालं नाही, आणि जून २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने खटला फेटाळला तेव्हा ते देणं तसंच राहिलं. मग २०२५ मध्ये महापौर मन्रो निकल्स यांनी १०.५ कोटी डॉलरच्या ट्रस्टची योजना जाहीर केली, घरांसाठी, इमारतींसाठी, जमिनीसाठी, शिष्यवृत्त्यांसाठी, पण पैसा खासगी देणगीदारांकडून उभा करायचा आणि हयात असलेल्यांना थेट रक्कम त्यात नाही. घोषणा शहराची आणि खिसा दुसऱ्याचा, त्यामुळे मला हे धड भरपाई वाटत नाही आणि नुसती देणगीही वाटत नाही. वस्तीला घरं मिळणार असतील तर जरूर मिळोत, फक्त फिटलं असं कुणी म्हणू नये.

याच्या उलट शिकागोचं २०१५ चं उदाहरण. जॉन बर्ज या पोलीस अधिकाऱ्याच्या हाताखाली शंभराहून जास्त लोकांचा, त्यात बहुतेक ब्लॅक पुरुष, पोलीस कोठडीत छळ झाला होता. वाचलेल्यांनी आणि कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं रेटा लावून शहराकडून ५५ लाख डॉलर मिळवलेच, पण त्याबरोबर जाहीर माफी, समुपदेशन केंद्र, आणि शहराच्या शाळांत आठवी आणि दहावीला हा इतिहास शिकवायचा निर्णयही मिळवला. जगातलं कितीही मोठं फाउंडेशन असू दे, त्याला शहराच्या वतीने माफी मागता येणार नाही. मोहिमेला पैसा देता येईल, माफी विकत घेता येणार नाही.

ग्रँटचा पैसा नसतानाही मोहीम कशी चालली तेही बघा. टेनेसीतली कॅली हाउस, जन्म गुलामीतला, पोटासाठी लोकांचे कपडे धुणारी विधवा बाई, तिने १८९० च्या दशकात पूर्वीच्या गुलामांना पेन्शन मिळावी म्हणून संघटना उभी केली. फाउंडेशन नाही, ग्रँट नाही, गरीब म्हाताऱ्या माणसांनी थोडे-थोडे पैसे बाजूला काढून भरलेली वर्गणी. १९१५ मध्ये तिच्या संघटनेच्या पाठबळाने सरकारवर ६ कोटी ८० लाख डॉलरचा दावा झाला, कापसावरच्या कराचा पैसा आमच्या श्रमाचा आहे म्हणून, आणि सरकारवर दावा लावता येत नाही असं सांगून कोर्टाने तो काढून टाकला. सरकारने भरपाई तर दिली नाहीच, उलट वर्गणी गोळा करण्यालाच टपालातून केलेली फसवणूक ठरवलं आणि १९१७ मध्ये तिला तुरुंगात टाकलं.