जलोपचार : मज्जारज्जूच्या दुखापतीनंतरचा

पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा होऊन हातपाय लुळे पडलेल्या व्यक्तीकडून कोमट पाण्यात, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करून घेतलेले व्यायाम. पाण्याने मज्जारज्जू सांधला जात नाही. शाबूत उरलेल्या स्नायूंना काम करायला वाव मिळतो, एवढाच दावा रास्त आहे.

कमरेइतक्या पाण्यात उभे राहिल्यावर पायांवर शरीराच्या वजनाचा साधारण निम्मा भार उरतो. छातीपर्यंत पाणी आले की जवळपास एकतृतीयांश आणि मानेपर्यंत आले की जेमतेम १० टक्के. त्यामुळे इजा अपूर्ण असेल, म्हणजे इजेच्या खाली थोडी हालचाल किंवा संवेदना उरली असेल, तर जमिनीवर पाय न उचलणारा रुग्णही पाण्यात चार पावले टाकतो. ते पाहून घरच्यांना वाटते, आता हा चालणार. बाहेर आल्यावर तोच पाय पुन्हा जड होतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

मानेत इजा झालेल्यांना पाण्याचा दाब श्वासासाठीही उपयोगी पडतो. पोटाचे स्नायू सैल पडल्याने बसल्यावर पोट पुढे येते आणि श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा स्नायू) खाली सपाट होते. पाणी पोटाला आत रेटून ते वर सरकवते. निरोगी माणसाची एका दमात श्वास घेण्या-सोडण्याची क्षमता पाण्यात थोडी घटते, या रुग्णांची मात्र वाढू शकते. तरीही छातीवर दाब आला की पहिल्या खेपेला जीव घाबरा होतो, म्हणून हळूहळू उतरवतात.

पाण्याचे तापमान ३३ ते ३५ अंश सेल्सिअस लागते. स्पर्धेच्या तलावात ते २५ ते २८ असते. गार पाण्यात पाय ताठतात, झटके येतात. सोलापुरात घोडे अडते ते इथे. जलतरण तलाव पोहणाऱ्यांसाठी बांधलेले; थंडीत त्यांचे पाणी या कामाचे नाही. एप्रिल-मेमध्ये ते उन्हाने आपसूक तापते, पण तेव्हा बाहेर पारा चाळिशीपार असतो, आणि छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असलेल्यांना इजेच्या खालच्या भागात नीट घाम येत नाही. अंगातली उष्णता कोंडते. अशांना भल्या सकाळी, सावलीतल्या तलावातच न्यावे. गावाकडचे पाहुणे ‘विहिरीत डबा बांधून सोडू’ असे सुचवतात. ते साफ नाकारावे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेल्या विहिरीत सूर मारल्यानेच कित्येकांची मान मोडते.

खरी मेहनत पाण्याबाहेरची आहे. आधी लघवी आणि शौच उरकून घ्यायचे, मग माकडहाड, नितंब, टाचा यांवर लाल चट्टा नाही ना, हे आरशात पाहायचे. उघडा बेडसोर (सतत दाब पडून झालेली जखम), ताप किंवा पायात रक्ताची गुठळी असेल तर त्या दिवशी पाणी नाही. पायांत मोजे हवेतच, कारण फरशीवर पाऊल सोलवटले तरी रुग्णाला कळत नाही. बाहेर आल्यावर टॉवेलने चोळायचे नाही, टिपायचे. जांघा आणि बोटांच्या बेचक्या विशेष. ज्या शहरात टॉवेल विणले जातात तिथे त्याची वाण नाही, तरी ओल्या चड्डीवर व्हीलचेअरमध्ये बसून घरी जाणारे दिसतात. बेडसोरला यापरते आमंत्रण नको.

छातीच्या सहाव्या मणक्याशी किंवा त्याच्या वर इजा असेल, तर भरलेले मूत्राशय किंवा मुडपलेली कॅथेटरची नळीही रक्तदाब एकाएकी भडकवू शकते. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम फुटतो. लगेच बाहेर काढून बसते करावे, घट्ट कपडे सोडावेत, नळी मोकळी करावी. न उतरल्यास दवाखाना गाठावा.

या उपचाराची हॅलिविक पद्धत जेम्स मॅकमिलन यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये अपंग मुलींना पोहायला शिकवताना सुरू केली. तरंगत्या कड्यांवर रुग्णाला आडवे ठेवणारी पद्धत स्वित्झर्लंडमधील बाड रागाझची. महाराष्ट्रात याबाबत हमखास निघणारे नाव मुरलीकांत पेटकर यांचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्यावर ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. मात्र ती क्रीडा झाली. उपचाराचे यश पदकावर मोजू नये.

पुराव्यांची बाजू अजून तोकडी आहे. तुर्कस्तानातील २००४ च्या एका अभ्यासात दहा आठवड्यांच्या जलोपचाराने झटके सौम्य झाले आणि बॅक्लोफेन या ताठरता कमी करणाऱ्या औषधाची मात्राही उतरली, पण रुग्ण अवघे २० होते. चालणे कायमचे सुधारते, असे ठामपणे म्हणण्याइतका आधार नाही. ताठरता, दम आणि झोप यांबाबत रुग्णांचा अनुभव बहुधा चांगला असतो. जमिनीवरचे व्यायाम बंद करून केवळ पाण्यावर विसंबण्याची शिफारस कोणी जाणकार करत नाही.