बघणारा बदलला की जादू बदलते

उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांत एक नाणं धरलेलं असतं. डावा हात पुढे येतो, त्याचा अंगठा नाण्याच्या खालून जातो, बाकीची बोटं वरून मिटतात आणि डाव्या हाताची मूठ बंद होऊन बाजूला सरकते. फुंकर मारून मूठ उघडली, तर आत काहीच नाही. नाणं डाव्या हातात गेलेलंच नसतं. बोटांचा आडोसा झाला त्या क्षणी ते उजव्याच हाताच्या तळव्यात घसरलेलं असतं. 'फ्रेंच ड्रॉप' नावाची ही हातचलाखी जादू शिकणारे अगदी सुरुवातीला शिकतात.

केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच हातचलाखी माकडांना करून दाखवली. हा अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. नाण्याऐवजी हातात खाऊ होता: कॅपुचिन माकडांसाठी शेंगदाणे, स्क्विरल मंकीसाठी वाळवलेल्या अळ्या आणि मार्मोसेटसाठी मार्शमेलो. माकडाने योग्य मूठ ओळखली तर खाऊ त्याचा. कॅपुचिन 81 टक्के वेळा फसले, स्क्विरल मंकी तर 93 टक्के वेळा. मार्मोसेट मात्र जेमतेम 6 टक्के वेळा फसले. खाऊ ज्या हातात आधी दिसला होता, तोच हात ते निवडत राहिले.

मार्मोसेट जास्त हुशार होते म्हणून असं झालं नाही. मार्मोसेटचा अंगठा इतर बोटांसमोर वळत नाही. तो आणि बाकीची बोटं एकाच रांगेत असल्यामुळे मार्मोसेट वस्तू धरतो ती सगळ्या पंजाने. नाण्याच्या मागून गेलेला अंगठा बघून 'आता हे उचललं जाणार' असं आपल्याला आपोआप वाटतं. मार्मोसेटला त्या हालचालीत काहीच अर्थ दिसत नाही. मग संशोधकांनी चाल बदलली. अंगठ्याची चिमूट टाळून सगळ्या मुठीने झडप घातल्याचं सोंग केलं, तेव्हा मार्मोसेटही फसू लागले.

मला हा प्रयोग जादूविषयी आजवर झालेल्या संशोधनात सर्वांत बोलका वाटतो. जादूगाराचे हात तेच, कौशल्य तेच, आणि तरीही निकाल 93 वरून 6 वर येतो. म्हणजे ही जादू फक्त हातांत घडत नाही. बघणाऱ्याच्या मनात 'आता असं होणार' ही अपेक्षा तयार व्हावी लागते, आणि ती त्याच्या शरीरातून, वयातून, सवयींतून येते. याच गटाने 2021 साली कावळ्याच्या कुळातल्या युरेशियन जे पक्ष्यांवरही प्रयोग केले होते. हाताच्या नेहमीच्या हालचालींवर उभ्या असलेल्या हातचलाखीला ते पक्षी बधले नाहीत. फक्त अतिशय वेगाने वस्तू या हातातून त्या हातात गेली तेव्हा फसले, कारण तिथे प्रश्न अपेक्षेचा नसून नजरेच्या वेगाचा होता.

माणसांच्या अंगठ्यात फरक नसतो, पण अपेक्षांत पुष्कळ असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिप्लेट यांचा 1900 साली प्रसिद्ध झालेला एक साधा प्रयोग आहे. शाळकरी मुलांसमोर चेंडू दोनतीनदा वर फेकायचा आणि झेलायचा. पुढच्या वेळी चेंडू न सोडता नुसता हात वर न्यायचा. जवळपास निम्म्या मुलांनी चेंडू वर जाऊन हवेत नाहीसा झाल्याचं सांगितलं. गुस्ताव कून आणि मायकेल लँड या संशोधकांनी 2006 मध्ये हीच कल्पना पुढे नेली. खोट्या फेकीच्या वेळी जादूगाराने चेंडू गेल्यासारखं वर पाहिलं, तर सुमारे दोनतृतीयांश लोकांना नसलेला चेंडू वर जाताना 'दिसला'. त्याने हाताकडेच पाहिलं, तर हे प्रमाण एकतृतीयांशावर आलं. बघणाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल मोजली, तर बरेच जण मधूनमधून जादूगाराच्या चेहऱ्याकडे बघून त्याची नजर कुठे आहे याचा अंदाज घेत होते. चेंडू 'दिसल्याचं' सांगणाऱ्यांचेही डोळे बहुधा चेंडू जिथे नाहीसा झाला म्हणत होते तिथवर गेलेच नव्हते.

आता हे ज्ञान घेऊन वेगवेगळ्या जागी उभं राहून बघा. टेबलापलीकडे दोन माणसं बसली आहेत, चेहऱ्यावर उजेड आहे, तर नजरेचा हा इशारा हुकमी चालतो. घोळक्यात उभं राहून करायचं असेल, तर बाजूच्या आणि मागच्या माणसांना तुमचे डोळे दिसतच नाहीत. तिथे नजरेचं काम खांद्याने आणि मानेने करावं लागतं. सगळं अंग त्या रिकाम्या मुठीकडे वळलं पाहिजे. गोंगाट असेल तर शब्दांवर उभी असलेली चलाखी पडते. 'तुम्ही मघाशी कुठला पत्ता धरला होता?' असा प्रश्न शांत खोलीत विचारला की समोरचा मान वर करून तुमच्याकडे बघतो आणि तेवढ्यात हात मोकळा होतो. प्रश्न ऐकूच गेला नाही, तर त्याची नजर पत्त्यांवरून हलत नाही.

लहान मुलं हा वेगळाच प्रेक्षक आहे, आणि त्यांना सोपा समजणाऱ्यांची मुलांसमोर चांगलीच फजिती होते. मोठा माणूस प्रश्न विचारला की शिष्टाचार म्हणून चेहऱ्याकडे बघतो, मूल हाताकडेच बघत राहतं. शिवाय ते बसलेलं असतं खाली. मोठ्यांच्या उंचीवरून झाकलेला तळवा त्याला खालून उघडा दिसतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, अशक्य गोष्टीचं आश्चर्य वाटायला शक्य काय ते आधी ठाऊक हवं. 52 पत्त्यांतून नेमका एक शोधणं किती अवघड, हे ज्याला कळत नाही, त्याला तो सापडल्याचं कसलं कौतुक? त्याच मुलासमोर रंगीत रुमाल मुठीत गेला आणि नाहीसा झाला, तर ते जागच्या जागी उडी मारतं. लहानग्यांसाठी मोठ्यांचाच खेळ फक्त मजेशीर आवाजात करायचा, हा सल्ला मला पटत नाही. खेळच दुसरा निवडावा.

मग सराव कशाचा करायचा? सर्वांत आधी खऱ्या हालचालीचा. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जादूगार आणि सामान्य माणसं यांच्या बोटांची हालचाल सूक्ष्मपणे नोंदवली गेली. वस्तू शेजारी ठेवलेली असताना ती उचलल्याचं नुसतं सोंग करायला सांगितलं, की सामान्य माणसाची बोटं वेगळीच वागतात. त्यांची उघडझाप खऱ्या उचलण्यासारखी होत नाही. जादूगारांचं सोंग मात्र खऱ्याशी जुळलं. पण समोर कसलीच वस्तू नसताना त्यांचंही सोंग इतरांइतकंच कच्चं पडलं. म्हणजे खरी वस्तू डोळ्यांसमोर ठेवून तिच्या मापाने खोटी पकड बसवण्याचं कसब त्यांनी सरावाने कमावलेलं असतं. म्हणून जुनेजाणते सांगतात की नाणं खरोखर घे, पुन्हा घे, मग न घेता घे, आणि पुन्हा खरं घे. खऱ्या आणि खोट्या हालचालीत स्वतःलाच फरक कळेनासा झाला की पुढे जा.

आरशासमोर सराव करताना एक खोड हमखास लागते. नेमक्या गुप्त क्षणी पापण्या मिटतात. आपणच आपल्याला फसवतो आणि हालचाल छान झाली असं वाटतं. मोबाइलचा कॅमेरा पापणी मिटत नाही. शिवाय तो मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, डाव्या बाजूला, खांद्यामागे, कुठेही ठेवता येतो.

दुसरी गोष्ट सरावाच्या वैविध्याची. 1978 मध्ये कर आणि बूथ या संशोधकांनी आठ वर्षांच्या मुलांना लक्ष्यावर छोट्या पिशव्या फेकायला लावल्या. एका गटाने फक्त तीन फुटांवरून सराव केला. दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा झाली तीन फुटांवरून, आणि त्या अंतरावरून एकदाही सराव न केलेला दुसरा गट सरस ठरला. एकाच खुर्चीत, एकाच उजेडात, एकाच पत्त्यांच्या कॅटवर घोटून घोटून बसवलेला हात त्या खुर्चीपुरताच बसतो. उभं राहून, बसून, गुळगुळीत नव्या आणि मळलेल्या जुन्या पत्त्यांनी, थंडीने आखडलेल्या बोटांनी, मध्येच कुणी टोकत असताना करून बघितलं, तर सराव सुरुवातीला वाईट वाटतो. तसा तो वाटायलाच हवा.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष माणसं. इतरांच्या उपस्थितीचा कामगिरीवर काय परिणाम होतो, याच्या पहिल्यावहिल्या प्रयोगांपैकी एक 1898 साली प्रसिद्ध झाला आणि तो केला होता वर उल्लेख आलेल्या ट्रिप्लेट यांनीच. पुढे 1965 मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी त्यातला नियम मांडला: लोक बघत असले की अंगवळणी पडलेलं काम आणखी चांगलं होतं, कच्चं काम आणखी बिघडतं. 1982 च्या एका अभ्यासात हे 'पूल' या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या टेबलावर दिसलं. चार जण जवळ येऊन बघू लागल्यावर चांगल्या खेळाडूंचे यशस्वी फटके 71 टक्क्यांवरून 80 वर गेले आणि नवख्यांचे 36 वरून 25 वर आले. खोलीत दहापैकी सात वेळा जमणारी हातचलाखी आणि दहापैकी चार वेळा जमणारी हातचलाखी यांतलं अंतर लोकांसमोर आणखी वाढतं. त्यामुळे नवा खेळ एकदम दहा जणांसमोर नेऊ नये. आधी एका माणसाला दाखवावा, मग दोघातिघांना, आणि आधी-शेवटी नीट बसलेले खेळ ठेवून नवा मध्ये घालावा.

कुठल्या माणसाला काय दिसतं याचा हिशेब किती बारीक करता येतो, ते स्लायडिनी या जादूगाराच्या एका खेळात दिसतं. कागदाचे बोळे तो समोर बसलेल्या एका माणसाच्या डोक्यावरून मागे फेकत असे. बाकी सगळ्यांना युक्ती उघड दिसायची, फक्त त्या एकाला बोळे हवेत विरल्यासारखे वाटायचे. एकच खेळ, एकाच वेळी, एकासाठी जादू आणि इतरांसाठी गंमत.

आणि प्रेक्षकाला दिसतच नसेल तर? तेव्हा अपेक्षा स्पर्शातून तयार करायची. नाणं तळहातावर क्षणभर घट्ट दाबून काढून घेतलं, तरी त्वचेला ते काही वेळ तिथेच असल्यासारखं वाटतं. त्याच्या मुठीत स्पंजचा एक चेंडू दिला असं सांगून दोन एकत्र दाबून दिले, तर मूठ उघडल्यावर बोटांना दोन सापडतात. इथे आरसा आणि कॅमेरा काही सांगू शकत नाहीत. किती दाबायचं, केव्हा सोडायचं, हे दुसऱ्याच्या तळहातावर करून त्यालाच विचारावं लागतं.